त्रेचाळीस माणसांची राज्यघटना

बाई,

गेल्या शनिवारी मी अध्यक्षपद सोडलं. कुठलं अध्यक्षपद, असं तुम्ही चष्म्याच्या वरून बघत विचारलं असतंत, म्हणून आधीच सांगून टाकतो. स्टुटगार्ट आणि आजूबाजूच्या गावांतल्या मराठी लोकांचं आमचं एक मंडळ आहे, त्रेचाळीस सभासदांचं, आणि त्याचा मी चार वर्षं अध्यक्ष होतो. खुर्ची म्हणाल तर घडीची, प्लास्टिकची. सभा संपली की अध्यक्षांनीच ती मिटवून भिंतीला लावायची. तरीही तिच्यावरून उठताना माझं जे काही झालं ते मला कुणाला सांगता येत नाहीये. मंडळी म्हणतात, मोठ्या मनाने सोडलीत. शाल दिली, नारळ दिला, माझ्या मोठ्या मनावर दोघांनी भाषणं केली. मी मोठ्या मनाने सोडली की नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते तुमच्यापाशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, हे माहीत आहे मला. पण हे सगळं सुरू तुमच्यामुळे झालं, तेव्हा ऐकून घ्या.

भुसावळच्या आपल्या शाळेतला नववीचा वर्ग मला आजही बाकांच्या क्रमाने आठवतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा सुरू करायच्या दिवशी तुम्ही वर्गात आलात, पुस्तक न उघडता बाकं मोजलीत आणि खूश होऊन म्हणालात, "तेरा! आता काही अडचण नाही." त्या क्षणापासून आम्ही तेरा वसाहती झालो. खिडकीकडची बाकं उत्तरेची, दाराकडची दक्षिणेची. सगळ्यात लांब बाकावर व्हर्जिनिया, त्यांचा तोरा वेगळा. दंगेखोर पोरं नेमकी मॅसॅच्युसेट्समध्ये. आणि कोपऱ्यातलं, एका पायाखाली वीट लावलेलं, दोघांनाच पुरणारं बाक म्हणजे ऱ्होड आयलंड; तिथे मी आणि माझा मित्र. तुम्ही स्वतः समुद्रापलीकडचं सरकार. रोज टेबलामागून एक फर्मान निघायचं. आज प्रत्येक वसाहतीने दोन खडू आणायचे. उद्या प्रत्येक वसाहतीने फळा पुसायला एक माणूस द्यायचा. का, असं विचारायचं नाही. चौथ्या दिवशी मॅसॅच्युसेट्सने जमा झालेली खडूची पेटी उचलली आणि खिडकीतून शाळेच्या हौदात टाकली. मुख्याध्यापक धावत येतात, आम्ही सगळे माना खाली घालून उभे, आणि तुम्ही शांतपणे म्हणता, "सर, धडा नीट पोचलाय." मग मात्र त्याच पोरांना बाह्या वर करून हौदातून एकेक खडू काढायला लावलात. इतिहास वेगळा आणि शाळेचं सामान वेगळं, असं तुमचं म्हणणं होतं.

त्यानंतर घटना लिहिण्याचं अधिवेशन भरलं. बारा बाकांवरची पोरं पुढे फळ्यापाशी गोल करून बसली. मीही उठायला लागलो, तर तुम्ही हात दाखवलात. "ऱ्होड आयलंड, तुम्ही जागेवरच बसा. फिलाडेल्फियाला तुम्ही आलाच नव्हता." दोन दिवस, बाई. दोन दिवस अख्खा वर्ग देश चालवण्याचे नियम करत होता आणि मी कोपऱ्यातून त्यांच्या पाठी बघत होतो. मित्र बिनघोर झोपला. मी घरी जाऊन रडलो. आईला वाटलं, गणितात नापास झालो. शेवटी सगळ्यांच्या सह्या झाल्यावर तुम्ही आम्हाला बोलावलंत, "या, तुम्ही सगळ्यात शेवटी मान्यता दिलीत," आणि सही करायला कागदाचा एक कोपरा तेवढा उरला होता. कुठलीही सभा असली की पहिल्या रांगेत जाऊन बसायची माझी खोड तिथून सुरू झाली, असं मला वाटतं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उगाच कारणं काढू नकोस. तुमच्या घरात सगळेच तसे आहेत."

माणसांची नावं तुम्ही फार उशिरा सांगायचात. आधी माणूस ओळखा, नाव काय, पुस्तकात आहेच, म्हणायचात. त्यामुळे आमच्यासाठी पहिले अध्यक्ष हे 'सेनापती' होते, वीज पकडायला निघालेले म्हातारे छापखानेवाले 'पतंगवाले आजोबा', अधिवेशनात रोज पुढे बसून शब्दन् शब्द उतरवून घेणारे ठेंगणे गृहस्थ 'टिपणवाले', आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे 'जाहीरनामावाले'. या शेवटच्यांबद्दल सांगताना तुमचा आवाज जरा उतरायचा. "सगळी माणसं समान जन्मतात, असं यांनी लिहिलं. आणि लिहून झाल्यावर घरी गेले, तेव्हा घरात गुलाम होते. हे परीक्षेत येणार नाही. म्हणून लक्षात ठेवा." सहामाहीला पेपर तपासायला दुसऱ्या सरांकडे गेले, निम्म्या वर्गाने 'पतंगवाले आजोबा' असंच लिहिलं होतं, आणि ते सर तुमच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

वार्षिक परीक्षेत मात्र माझा समाचार तुम्ही स्वतः घेतलात. प्रश्न होता सेनापतींचं थोरपण स्पष्ट करण्याचा, पाच गुण. मी दीड पान लिहिलं : लढाया, बर्फातून नदी ओलांडणं, विजय, पुन्हा लढाया. तुम्ही अडीच गुण दिलेत आणि समासात लाल शाईने लिहिलंत, 'युद्ध पुष्कळांनी जिंकलं. घरी कोण गेलं?' मी निदान अर्धा गुण वाढवून घ्यायला शिक्षकांच्या खोलीत आलो. तुम्ही डबा खात होतात. म्हणालात, "अरे, लोक त्याला राजा करायला तयार होते. दोनदा अध्यक्ष झाला, तिसऱ्यांदाही झाला असता, कुणी अडवत नव्हतं. तसा नियमच नव्हता तेव्हा. तरी उठला आणि आपल्या शेतावर गेला. जिंकणारे ढीगभर असतात, उठणारे दाखव मला." मी म्हटलं, "बाई, पण ते पुस्तकात नाहीये." तुम्ही म्हणालात, "तुझ्यातही नाहीये. जा वर्गात." अर्धा गुण काही मिळाला नाही. त्या वयात तुमचं बोलणं मला कळलंही नाही. मला फक्त तो अर्धा गुण दिसत होता.

रविवारी तुमच्याकडे शिकवणी नसायची, पण कुणीही यावं. मी यायचो. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभं राहायचं, तुम्ही चहा टाकायचा. एकदा मी विचारलं होतं की, चहा असा किती महाग झाला होता की पेट्याच्या पेट्या समुद्रात टाकाव्यात? तुम्ही गाळणीतला चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकत होतात; तोसुद्धा वाया गेलेला तुम्हाला चालत नसे. "महाग? उलट स्वस्त झाला होता. पण कर ठेवताना त्यांना विचारलं नव्हतं. महागाईचा राग माणूस विसरतो. आपल्याला विचारलं नाही, हा राग नाही विसरत." आणि मग, अगदी मनापासून, "पण बोस्टनच्या लोकांनी चहा वाया घालवायला नको होता." तुम्ही निवृत्त झालात त्याच वर्षी मी इंजिनिअरिंगला निघालो होतो. तुम्ही तुमची टिपांची वही मला दिलीत, तपकिरी कव्हर घातलेली : संघराज्य, द्विगृही कायदेमंडळ, नकाराधिकार, महाभियोग, सत्तेची विभागणी, प्रत्येकाला एक पान. "मला पाठ आहे," म्हणालात. "तुला यंत्रं शिकायचीत ना, मग हेही यंत्रच आहे. एक चाक दुसऱ्याला अडवतं, म्हणून नीट चालतं."

ती वही माझ्याबरोबर पुण्याला गेली आणि तिथून इथे आली. इथे मी गाड्यांच्या ब्रेकचं काम करतो, म्हणजे अडवण्याचंच. आमचं मंडळ तेव्हा मंडळ नव्हतं, व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, आणि सगळे निर्णय स्टुटगार्ट शहरातले आम्ही चौघे घ्यायचो. कारण हॉल शहरात, आणि मखर माझ्या केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या माझ्या वाटणीच्या खोलीत. एका वर्षी गणपतीच्या आधी आम्ही ग्रुपवर टाकलं : बाहेरगावच्या प्रत्येक घराने एकवीस उकडीचे मोदक आणावेत. शहरातल्यांनी काय आणायचं, ते लिहायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नव्हतं. बोब्लिंगनला एक काका असतात, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढलेले. त्यांनी लिहिलं, "आम्हाला विचारलं होतंत का?" मी खाली अंगठ्याचं चित्र टाकून विषय संपवला. गणपतीच्या दिवशी आरतीची सगळी तयारी झाली, नैवेद्याचं ताट रिकामं, आणि ग्रुपवर एक फोटो आला. बोब्लिंगनच्या सहा कुटुंबांनी आपले एकशे सव्वीस मोदक काकांच्या घरच्या गणपतीला दाखवून, तूप घालून, बाल्कनीत बसून संपवले होते. खाली काकांनी लिहिलं होतं, "प्रतिनिधित्व नाही, तर मोदक नाही." आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक आणला आणि तोच बाप्पाला दाखवला. मला राग यायला हवा होता, पण आधी तुम्ही आठवलात. यांनी निदान काही वाया घालवलं नव्हतं.

त्यात त्याच वर्षी हॉलवाल्यांनी कळवलं की, यापुढे हॉल नोंदणी झालेल्या फेराइनलाच मिळेल. फेराइन म्हणजे आपली नोंदणीकृत संस्था. इथे सात जर्मन एकत्र आले की त्यांची एक असते, ससे पाळणाऱ्यांची, समूहगान करणाऱ्यांची, जुने ट्रॅक्टर जपणाऱ्यांची. त्यासाठी झात्सुंग लागते, म्हणजे संस्थेची घटना. शहाण्या माणसाने इंटरनेटवरचा चार पानी नमुना उतरवला असता. मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "घटना मी लिहितो." आणि घरी येऊन तुमची वही काढली.

तीन महिने लागले. रोज ऑफिसातून आलो की मी टिपणवाले. बोब्लिंगनला भीती, की शहर डोक्यांच्या जोरावर आपल्याला गिळणार. शहराला भीती, की ही चिमुकली गावं मिळून आपल्याला नाचवणार. तुमच्या वहीत तोडगा होताच : दोन सभागृहं. खालच्यात डोक्यांप्रमाणे, वरच्यात प्रत्येक गावाचे दोन. त्रेचाळीस माणसांचं द्विगृही कायदेमंडळ, बाई! लुडविग्सबुर्गमध्ये तेव्हा एकच जोडपं होतं, ते दोघंही वरच्या सभागृहात जाणार होते. त्यांचं आपसात कधीच पटत नसल्याने लुडविग्सबुर्गची दोन मतं कायम एकमेकांना खाऊन टाकणार, हे सगळ्यांना दिसत होतं. अध्यक्षाला नकाराधिकार दिला. महाभियोगाचं कलम घातलं. अमेरिकेचा अध्यक्ष जन्माने अमेरिकन लागतो, हे वहीत बघून आमचाही जन्माने महाराष्ट्रातला असावा, असं घातलं. आणि असं लिहीत असताना भरात येऊन, तुमची लाल शाई आठवून, आणखी एक घातलं : कुणीही दोनदाच अध्यक्ष होईल, तिसऱ्यांदा नाही. तेव्हा मी एकदाही झालो नव्हतो, त्यामुळे ते लिहायला काहीच जड गेलं नाही. बायको मशिनमध्ये भांडी लावता लावता ऐकत होती. म्हणाली, "अरे, अख्खी त्रेचाळीस माणसं आहेत. हात वर करा म्हण आणि मोज की!" मी तिला अप्रत्यक्ष निवडणुकीचं पान वाचून दाखवायला लागलो, तेव्हा ती कपडे वाळत घालायला गेली.

नोंदणी करणाऱ्या न्यायालयातल्या बाईंनी मसुदा परत पाठवला. अतिशय सभ्य पत्र, दोन पानी. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, 'आम्ही, स्टुटगार्ट आणि परिसरातील मराठी जनता'. त्यावर त्यांनी कळवलं होतं की, संस्थेला जनता नसते, सभासद असतात. पुढे विचारलं होतं की, नकाराधिकार नेमका कुणाविरुद्ध वापरायचा आहे, आणि गणेशोत्सव व दिवाळी या दोन कार्यक्रमांसाठी दोन सभागृहं कशासाठी. त्यांच्या मते एक सर्वसाधारण सभा आणि एक कार्यकारिणी पुरत होती. मी चिडलो. काकांना फोन लावला, म्हटलं, हा मराठी माणसाचा अपमान आहे. काकांनी जर्मन लोकांसारखी सुरुवात केली, "आल्झो, म्हणजे असं बघा, ऐका. त्या बाईंनी सशांच्या फेराइनचीही झात्सुंग तपासली असणार. राज्यघटनेतलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." शेवटी दुसरं सभागृह गेलं, महाभियोग गेला, नकाराधिकार गेला. जन्माची अट मी तीन पत्रं लिहून, भांडून ठेवून घेतली. दोनदाच्या कलमाला कुणी हातही लावला नाही, कारण त्यात हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं.

राहता राहिला मखराचा प्रश्न. मखर, समया, ढोल आणि सतरंज्या ज्याच्या केलरमध्ये, सत्ता त्याची, हे बोब्लिंगनने बरोबर ओळखलं होतं. वहीत त्यावरही पान होतं : राजधानी कुठल्याच राज्यात नको, म्हणून नदीकाठी वेगळी जागा काढून दिली. आम्हीही तशी जागा शोधायला लागलो. एकही मराठी माणूस राहत नाही असं गाव हवं होतं. खूप चौकशीनंतर ते कोर्नवेस्टहाइम निघालं. तिथे एक छोटी खोली भाड्याने घेतली आणि व्हॅन करून मखर हलवलं. दीड महिन्याने नागपूरचं एक कुटुंब नेमकं कोर्नवेस्टहाइमला राहायला आलं आणि पहिल्याच सभेत त्यांनी विचारलं की, मखर आमच्या गावात आहे, तर कार्यकारिणीवर आमचं कुणी का नाही. त्यांना टाळ्याही मिळाल्या.

तर असा मी पहिला अध्यक्ष झालो. बिनविरोध. दोन वर्षांनी पुन्हा झालो, पुन्हा बिनविरोध. आणि बाई, मला ते आवडायला लागलं. फार मोठं काही नसतं हो त्यात. हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा आपल्या खिशात असतो. समई लावायला आधी आपलं नाव पुकारतात. पुण्याहून कुणाचे आईवडील आले की ओळख करून देतात, "हे आमचे अध्यक्ष," आणि ते वडील चक्क उठून उभे राहतात. ऑफिसात माझ्या डोक्यावर सात साहेब आहेत आणि मला बघून तिथे आजवर कुणी उठलेलं नाही. तिसऱ्या निवडणुकीला सहा महिने उरले, तेव्हा मी माझंच कलम पुन्हा पुन्हा उघडून वाचायला लागलो.

आधी वाटलं, अर्थ लावून बघू. माझा पहिला कार्यकाळ नोंदणीच्या तीन आठवडे आधी सुरू झाला होता. मग तो धरायचा का? मग वाटलं, त्यापेक्षा सरळ घटनादुरुस्ती करू. त्याला इथल्या कायद्याने तीन चतुर्थांश मतं लागतात. मी फोन सुरू केले. थेट कुणालाच काही म्हटलं नाही. मुलांच्या शाळेपासून सुरुवात करायची, थंडीवर यायचं, आणि ठेवता ठेवता, "बरं, लोक म्हणतायत की अनुभवी माणूस असलेला बरा." लोक म्हणजे मीच. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. सोफ्यावर पडून तिने हे फोन ऐकले आणि म्हणाली, "पापा, दास इस्ट दोख नुअर आइन फेराइन." बाबा, ही नुसती एक संस्था आहे. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. बायको फोन संपेपर्यंत दारात येऊन उभी राहायची. "अहो अध्यक्ष, जेवायला चला," एवढंच म्हणायची. एरवी ती मला अरे म्हणते.

त्यात इंदूरच्या वहिनींनी अर्ज भरला. यांचं माहेर इंदूर, जन्म इंदूरचा, मराठी तुमच्या-माझ्याहून शुद्ध. सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करतात, त्यामुळे दुसऱ्याच्या कामातली चूक त्यांना लांबून दिसते. चार वर्षं मंडळाचं काम यांनी केलं. मी समई लावली. त्यांचा अर्ज हातात आला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? जन्म इंदूरचा, आणि कलम आहे. काका समोरच बसले होते, बायकोने केलेला चहा पीत. कलमाचा आकडा माझ्या जिभेवर आला आणि काकांनी कप खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं की मी तो गिळून टाकला. पुढच्या सभेत ती अट काढायचा ठराव मी स्वतः मांडला. टाळ्या झाल्या. माझं मन मोठं झालं ते असं. माझी दुरुस्ती मात्र मी गुपचूप त्याच विषयपत्रिकेत शेवटी ठेवली होती. ती आल्यावर काका उठले आणि एवढंच म्हणाले, "दुरुस्ती राहू द्या. मूळ कलम कुणी लिहिलंय, तेवढं वाचा." चिटणीसांनी कलम वाचलं, माझं नाव वाचलं. मी दुरुस्ती मागे घेतली आणि म्हणालो की, मी केवळ लोकभावना मांडत होतो.

शनिवारी निवडणूक झाली. आधी मी निरोपाचं भाषण केलं. सेनापतींनी ते भाषण कधी केलंच नव्हतं, वर्तमानपत्रात छापायला दिलं होतं, हे तुमच्या वहीत आहे. ते पान मी मुद्दामच उघडलं नाही. पस्तीस मिनिटं बोललो. गटबाजीपासून सावध राहा म्हणालो, तेव्हा सगळे बोब्लिंगनकडे बघायला लागले. बाहेरच्यांशी कायमच्या युत्या करू नका म्हणालो. म्हणजे म्युनिकच्या मंडळाबरोबर एकत्र दिवाळी नको. हॉलची देखभाल करणारा जर्मन दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. उमेदवार एकट्या वहिनीच, पण गुप्त मतदान म्हणजे गुप्त मतदान : चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी करायची, चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकायची.

मोजणी काकांनी केली. चार वर्षांत काही गेले, तेवढेच नवे आले; त्रेचाळीस हजर, त्रेचाळीस चिठ्ठ्या. वहिनी, वहिनी, वहिनी, असं ते वाचत गेले. अर्ध्यावर आल्यावर एका चिठ्ठीपाशी थांबले, चष्मा वर केला. "मावळते अध्यक्ष," त्यांनी वाचलं, आणि नियमाप्रमाणे पुढे म्हणाले, "उंग्युल्टिग." म्हणजे बाद. बेचाळीस वहिनींना, एक बाद. हॉलमध्ये हशा पिकला, माना इकडेतिकडे वळायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "अध्यक्षसाहेब, एक भक्त राहिला हो तुम्हाला!" मी खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाचपला. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून माझी बायको उठली. "माझं आहे ते," ती म्हणाली. "नवरा आहे माझा. मी नाही देणार तर कोण देणार?" काय टाळ्या पडल्या! वहिनींनी जाऊन तिला मिठी मारली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरलो. चिटणीसांनी ते इतिवृत्तात लिहूनही टाकलं. मग मी किल्ल्यांचा जुडगा वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "भाऊ, ही तिसरी कशाची?" चार वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

येताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, शाल आणि नारळ बायकोच्या मांडीवर. मुलगी समोर कानात गाणी घालून. बायको खिडकीबाहेर बघत होती, मी तिच्याकडे. थँक्यू म्हणावं की सॉरी म्हणावं, मला ठरेना; कुठलंही म्हटलं तरी कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं. आमचं स्टेशन यायच्या आधी ती म्हणाली, "भाषण जरा लांबलं." मी म्हटलं, हो.

ती बाद चिठ्ठी माझी होती, बाई. वहिनींचं नाव लिहायचं म्हणून पेन टेकवलं आणि हाताने माझं नाव लिहिलं. हाताने म्हणतोय, पण लिहिलं मीच, पूर्ण, आडनावासकट, आणि घडी करून टाकलं. बाद चिठ्ठी एकच निघाली. बायकोचीही असती तर दोन निघाल्या असत्या. म्हणजे तिने मत वहिनींना दिलं आणि उभी माझ्यासाठी राहिली. ती चिठ्ठी कुणाची, हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकंच पक्कं फक्त तिला कळलं असणार. आज पाच दिवस झाले, मी काही बोललेलो नाही, तिने काही विचारलेलं नाही, आमचं सगळं अगदी सुरळीत चाललंय. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि तिच्या हाती मला लागू द्यायचं नाही. तिने केलं ते माझ्या हातून कधी झालं नसतं, हे मला समजतं. आणि एवढं समजूनही, बाई, मला आतून सारखं वाटतंय की निदान तिने तरी मला मत द्यायला हवं होतं.